नवीच्या अंगात जुनी

४ मार्च १९८५, सोमवार

नवा कॉम्प्युटर आला. ट्रक रामदासपेठेच्या आपल्या ऑफिसच्या गेटात अडकला, तेव्हा गेट काढलं. चंपतराव साहेबांनी नारळ फोडला. निम्मं पाणी खोक्यावर. मशीनच्या खोलीला एसी बसवला आहे आणि आजपासून आत चपला-बूट बंद. अख्ख्या ऑफिसात थंड खोली एकच आणि तिचा प्रमुख मी.

दुपारी मीटिंग. साहेब (चंपतराव, आपले जनरल मॅनेजर) म्हणाले, जुनी मशीन जूनअखेर भंगारात द्यायची. उमरेडच्या खाणीचा पाळ्यांचा प्रोग्राम नव्या मशीनच्या भाषेत पहिल्यापासून लिहायचा, आणि तो मिस करुणा मेश्राम लिहितील. ही नवीन मुलगी. एम.एस्सी. गेल्या महिन्यात लागली.

प्रोग्राम माझा. १९७२ साली लिहिला. खाणीतल्या माणसांपैकी कोणाला पहिली पाळी, कोणाला दुसरी, कोणाला रातपाळी, कोणाची सुट्टी कधी, हे दर शनिवारी पुढच्या आठवड्यासाठी छापतो. तेरा वर्षांत एक तक्रार नाही. (भैय्याजींच्या सोडून. ते युनियनचे आहेत. त्या धरायच्या नसतात.)

मी उभा राहिलो. म्हटलं, एक अक्षर बदलायची गरज नाही. नव्या मशीनच्या पोटात आपण जुनी मशीन तयार करू. खरी नाही, आभासी. माझ्या प्रोग्रामला कळणारसुद्धा नाही आपण घर बदललं म्हणून. साहेब म्हणाले, असं होतं? म्हटलं, अमेरिकेत सर्रास. किती दिवस लागतील? तीन आठवडे. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. छाप पडली.

संकल्प: असं नक्की कसं करतात ते उद्या वाचून काढणे.

६ मार्च

वाचलं नाही. त्यावरचं पुस्तक मिस मेश्रामकडे आहे. आपण मागणं बरं दिसत नाही.

८ मार्च

तिनेच पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं. नेमक्या धड्यात खुणेचा कागद घालून. आगाऊपणा म्हणतात तो हाच. धडा बरा आहे. मला जे सुचलं होतं तेच लिहिलं आहे, फक्त सविस्तर.

१० मार्च, रविवार

सुभद्राला सगळं समजावून सांगितलं. बायकोला समजलं तर साहेबांना समजेल, हा हिशेब. घरगुती उदाहरण दिलं. म्हटलं, समज, तुझा हात चुलीवर बसलेला. आता घरात गॅस आला. तर आपण गॅसवरच एक चूल अशी मांडू, की भाकरीला वाटावं आपण चुलीवरच आहोत.

ती म्हणाली, “अवो, गॅसवर चूल काहून मांडता? गॅसवर भाकर होते ना! सालभरापासून मी करूनच राहिली ना!”

म्हटलं, मुद्दा तो नाही.

“मंग मुद्दा काय हाय?”

मुद्दा सांगणार तेवढ्यात भाकरी करपली. माझ्यामुळे, असं तिचं मत.

संकल्प: घरात तांत्रिक विषय बंद.

१४ मार्च

शालिकरामलाही सांगितलं. जुन्या मशीनचा ऑपरेटर, पहिल्या दिवसापासूनचा. कार्ड वाचणारं यंत्र अडकलं की तो त्याच्या डाव्या कुशीवर थाप मारतो आणि ते चालू होतं. हात चांगला रुंद आहे. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “म्हंजे साहेब, जुनी आता नवीच्या आंगात येनार!”

म्हटलं, असलं काही नाही, हे विज्ञान आहे.

१५ मार्च

कँटीनवाल्याने चहा देताना विचारलं, “आंगात आली का जी?” अकाउंट्समध्ये विचारलं. लिफ्टमध्ये विचारलं. साहेबांनीही विचारलं, इंग्रजीत.

१८ मार्च

नव्या मशीनवर कोणीतरी लिंबू-मिरची बांधली. शालिकरामला दटावलं. म्हणाला, “ते मशीनसाठी नाही साहेब. तुमच्यासाठी हाय. लोकं लय नजर लावून राहिले.” राहू दिलं. कर्मचाऱ्यांच्या भावना असतात.

२९ मार्च

तीन आठवडे झाले. साहेबांनी विचारलं. सांगितलं, पाया झाला. पाया म्हणजे काय? म्हटलं, पाया दिसत नसतो.

कारणं (खरी): १. दोन दिवस लाइट नव्हती. २. पुस्तकातला मधला धडा अवघड आहे. ३. पाहुणे.

११ एप्रिल

मिस मेश्रामला स्टोअरच्या सुट्या भागांचं काम दिलं होतं, वर्षभर पुरेल अशा बेताने. तिने संपवलं. आज माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “सर, पाळ्यांचे नियम काय काय आहेत ते सांगता का? लिहून तरी ठेवते. पुढेमागे लागलं तर.”

म्हटलं, नियम प्रोग्राममध्ये आहेत.

म्हणाली, “हो सर. पण ते काय आहेत?”

म्हटलं, प्रोग्रामला माहीत आहेत ना, मग झालं. माणसाने पाठ करायची गरज नाही, म्हणून तर कॉम्प्युटर असतो.

ती गेल्यावर म्हटलं, एकदा नजर घालू. प्रोग्रामची जुनी छापील प्रत काढली. कागद पिवळा, कडेच्या टिपांचं अक्षर माझंच. मध्ये एका ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलं आहे: “हे असू दे. कारण नंतर लिहितो. गि. वै.” नंतर लिहिलेलं नाही. काय कारण असावं? दुपारभर आठवलं. १९७२ साली मी फार पुढचा विचार करत होतो, एवढं मात्र दिसतं.

संकल्प: ते असू देणे.

२ मे

ऊन. टेबलाच्या काचेवर कोपर टेकवत नाही. अख्खं ऑफिस आमच्या एसीच्या खोलीत. बाहेर चपलांचा ढीग, आत अकाउंट्स सेक्शन पालथी मांडी घालून फाइली करतो आहे. साहेब जेवून येतात आणि प्रिंटरच्या खोक्याला टेकून “मशीनची पाहणी” करतात. आज पाहणी करताना घोरले. अशा वातावरणात एकाग्रता कशी होणार? मला दोष देण्यात अर्थ नाही.

१३ मे

आली! नवीच्या पोटात जुनी उभी राहिली. जुन्या मशीनने सुरू होताना जी अक्षरं छापायची तीच अक्षरं नवीच्या पडद्यावर. शालिकरामने हात जोडले. साहेबांनी पेढे मागवले. मीही थोडा हललो, ते लिहून ठेवतो.

सकाळी प्रोग्राम सोडला. ऑफिस सुटलं तेव्हा ‘ग’च्या नावांपर्यंत आला होता. अस्सल काम वेळ घेतं.

१४ मे

मिस मेश्रामने विचारलं, “सर, ती मधे मधे उगाच काहून थांबून राहिली?”

सांगितलं, जुन्या मशीनची चाल संथ होती. तीच चाल राहावी म्हणून प्रत्येक कामानंतर मी नवीला थोडं नुसतंच थांबायला सांगितलं आहे. याला प्रामाणिकपणा म्हणतात.

ती पडद्याजवळ खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, “थांबे काढून पाहू का?” मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिने काढले. अख्खा कागद चहा निवायच्या आत छापून झाला.

थांबे काढण्याची कल्पना यशस्वी. साहेबांना कळवलं, माझ्या सेक्शनने वेग वाढवला म्हणून.

२० मे

वाईट दिवस. माझ्या प्रोग्रामची एक खुबी: अधूनमधून स्वतःच थांबतो आणि ‘हिट रीडर’ असं दाखवतो, म्हणजे ऑपरेटरने कार्डांच्या यंत्राला थाप मारायची. जुन्याला ते लागायचंच. नवीत कार्डंही नाहीत आणि ते यंत्रही नाही, पण प्रोग्रामला कुठे ठाऊक? तो भाबडेपणाने थांबतो. त्यासाठी मी सोय केली आहे की ‘एच’ची कळ दाबली की थाप मारली असं धरायचं. शालिकरामला दोनदा शिकवलं.

आज पडद्यावर ‘हिट रीडर’ आलं. शालिकराम उठला आणि तेरा वर्षांच्या सवयीने टर्मिनलच्या डाव्या कुशीवर थाप दिली. चित्र आधी तिरपं झालं, मग त्याची एक रेघ झाली, मग ठिपका. मग तोही नाही.

“चालू नाही झाली साहेब,” तो म्हणाला. “आनखी एक देऊ का?”

इंजिनिअर मुंबईहून येणार. तोवर शालिकरामने खोलीत हात मागे बांधून उभं राहायचं.

३ जून

टर्मिनल दुरुस्त. साहेबांचा मूड चांगला पाहून दोन कामं उरकली.

एक: सर्क्युलर काढून घेतलं. उमरेडचे टाइमकीपर माझ्या कागदावर पेनने खाडाखोड करतात. कोणाच्या घरी लग्न, कोणाचा पाय दुखतो. तेरा वर्षं सहन केलं. आता साहेबांच्या सहीने हुकूम: मशीनने छापलेल्या पाळ्या जशाच्या तशा पाळाव्यात, कोणीही हाताने बदल करू नये. भैय्याजींनी फोन करून विचारलं, “हे पक्कं ना गा वैरागडेजी? मशीन मनंन तेच?” म्हटलं, मशीन म्हणेल तेच. ते म्हणाले, “ध्यानात ठेवतो.” सहकार्याची भावना वाढते आहे.

दोन: ई.डी.पी. मॅनेजर (कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख) या नव्या जागेसाठी माझ्या नावाचा विचार चालू आहे, असं साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पाटी रंगवायला टाकली. ‘गिरिधर वैरागडे’ एवढंच मोठ्या अक्षरात, हुद्दा लहान. नम्रता राहावी.

१५ जून

मिस मेश्रामचं म्हणणं: एक महिनाभर जुन्या आणि नव्या दोन्हींवर कागद काढू, ओळ ओळ ताडून पाहू, मगच जुनी सोडू. म्हटलं, हा माझ्यावर अविश्वास. ती म्हणाली, तुमच्यावर नाही सर, मशीनवर. म्हटलं, आत मशीन नाहीच, मीच आहे. तिला पटलं असावं, वही मिटून गेली.

२२ जून, शनिवार

तरी मोठ्या मनाने एकदा ताडून पाहिलं. दोन्हींचं पहिलं पान तंतोतंत सारखं. बाकीची पानं पहिल्यासारखीच असणार, शिवाय जेवायची वेळ झाली होती. सही केली.

१ जुलै

जुनी गेली. जरीपटक्याचा भंगारवाला चार माणसं घेऊन आला. शालिकरामने तिच्या डाव्या कुशीवर शेवटची थाप मारली आणि जिन्यात जाऊन बसला. मी फोटोसाठी उभा राहिलो. साहेब मध्ये, मी उजवीकडे. मिस मेश्राम फोटोत नाही. ती जुन्या कागदांचे गठ्ठे भंगारवाल्याच्या हातातून काढून घेत होती. रद्दीचा सोस.

६ जुलै, शनिवार

नवीच्या अंगातल्या जुनीने पहिला अधिकृत कागद छापला. गठ्ठा जीपने उमरेडला रवाना. जाताना जीपला हार घातला.

उद्या आराम.

८ जुलै, सोमवार

उमरेडहून फोन. लाइन खराब. “सगळे आले” एवढं ऐकू आलं. म्हटलं, उत्तम. तिकडून ओरडून म्हणाले, “सगळे! सगळेच आले!”

झालं ते असं. कागदाप्रमाणे अख्खी खाण पहिल्या पाळीत. माणसं सकाळी एका वेळी फाटकावर. हेल्मेटं पुरली नाहीत. एकेका डंपरला चार चार ड्रायव्हर, चौघंही वर चढून बसलेले. कँटीनचे पोहे संपले, मग चिवडा संपला, मग मीठ. सर्क्युलर असल्यामुळे टाइमकीपर कोणालाही परत पाठवेना. त्याने पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि हात वर केले म्हणे.

दुसऱ्या पाळीत एकच माणूस. मुकादम. तो रजेवर आहे.

रातपाळीतही एकच माणूस. भैय्याजी.

९ जुलै

भैय्याजी आले. बरोबर पाचपन्नास माणसं. गेट मार्चपासून काढलेलंच आहे, त्यामुळे सरळ आत. डोळे लाल. चपला न काढता मशीनच्या खोलीत.

“वैरागडेजी, काय दुस्मनी काढून राहिले गा? मले एकट्याले खदानीत बसवलं! अख्खी रात! ना डंपर, ना ड्रायव्हर, ना मानूस! कोळसा का मी हातानं काढू?”

म्हटलं, तुम्ही घरी जायचं होतं.

“घरी? सर्क्युलर कोनाचं हाय? मशीन मनंन तेच! मी आपला बसलो. दोन कुत्रे होते संगं. त्याइची हजेरी लावा आता!”

मागून माणसांनी घोषणा दिल्या. माझ्या नावाने पहिल्यांदाच घोषणा झाली, पुढे ‘मुर्दाबाद’ होतं हा भाग वेगळा. तेवढ्यात पेंटरचा पोऱ्या पाटी घेऊन आला. सगळ्यांनी मोठ्याने वाचली. हुद्दा खरंच फार लहान काढला आहे, फक्त नावच वाचता आलं.

साहेबांनी हात जोडून सगळ्यांना चहा पाजला. मला नाही.

११ जुलै

साहेबांनी सांगितलं, जुनी मशीन परत आणा. शालिकरामला जरीपटक्याला पिटाळलं. सायंकाळी आला. तिच्या पत्र्यांचे कूलर झाले आहेत. एक विकलाही गेला. शालिकराम दुसऱ्याला थाप मारून आला.

मिस मेश्रामने त्या रद्दीतले जुने कागद लावून ठेवले होते. मला एकटं गाठून, दार लावून सांगितलं. पाळीचा आकडा एक, दोन, तीन आणि मग परत एक, असा फिरायला हवा. “परत एकवर ये” हे प्रोग्राममध्ये लिहिलेलंच नाही. आकडा चार, पाच, शंभर असा चढतच जातो, आणि तीनच्या वरचं काही दिसलं की प्रोग्राम त्याला पहिली पाळी धरतो. म्हणून पाळी फिरणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाला पहिली, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला, म्हणजे भैय्याजींना, रातपाळी आणि पुढे सगळ्यांना पहिली. पहिल्या पानावर कायम दिवसपाळीचे लोक असतात, ते कधी बदलतच नाहीत, म्हणून मी ताडलेलं पान जुळलं.

मग तेरा वर्षं कसं चाललं? ती म्हणाली, जुन्या मशीनच्या मेमरीत नेमका तिथेच बिघाड होता. आकडा तीनच्या वर गेला की आपोआप खाली यायचा. “म्हणजे सर, तुमची चूक आणि तिचा बिघाड, दोघांनी मिळून बरोबर काम केलं.”

विचार करता याला चूक म्हणता येणार नाही. भागीदारी म्हणता येईल.

बरं, दोष कुठे आहे? मी जुनी मशीन नवीत उभी केली, पण आदर्श स्वरूपात. फार चांगली केली. हाच दोष.

संकल्प: आभासी मशीनमध्ये आभासी बिघाड घालणे.

१३ जुलै, शनिवार

बिघाड घातला. मिस मेश्राम म्हणाली, “सर, बिघाड काहून घालता? ती एक ओळ लिहून टाकू ना, परत एकवर ये म्हणून.” म्हटलं, मी पहिल्याच दिवशी सांगितलं आहे, एक अक्षर बदलणार नाही. साहेबांसमोर सांगितलं आहे. शब्द म्हणजे शब्द.

छापलेला कागद ताडून पाहायचा होता, पण जीप उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. ड्रायव्हरची चूक.

१५ जुलै, सोमवार

उमरेडहून फोन. आज लाइन स्वच्छ. तिकडे कोणीच नाही. टाइमकीपर एकटा.

बिघाड थोडा जास्त बसला असावा. आकडा तीनच्या वर जाऊ नये म्हणून घातला होता, तो शून्याच्याच वर जाईना. शून्य म्हणजे साप्ताहिक सुट्टी. अख्ख्या खाणीला, कायम दिवसपाळीवाल्यांनासुद्धा. आठवडाभर.

१६ जुलै

भैय्याजी पुन्हा आले. या वेळी चपला काढून, झेंडूचा हार घेऊन. माझ्या गळ्यात घातला, पेढा भरवला. “भाऊ, पंचवीस वर्षं युनियन चालवून राहिलो, एवढं मले नाही जमलं. पगारी सुट्टी हाय ना? मशीन मनंन तेच ना?” माणसांनी घोषणा दिली, वैरागडेजी जिंदाबाद. दोघांनी खांद्यावर घेतलं. एसीच्या झोताला डोकं लागलं, पण लोकांचं प्रेम ही वेगळीच गोष्ट आहे. आठ दिवसांत मुर्दाबादचं जिंदाबाद. किती प्रोग्रामरांना मिळतं?

साहेबांनी वर बोलावलं. हार काढायचा राहिला होता.

१७ जुलै

साहेब काल जे बोलले ते सगळं लिहीत नाही. हेड ऑफिसचे शब्द त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले, एवढंच. सर्क्युलर रद्द. टाइमकीपर पेनने पाळ्या लावणार. प्रोग्राम मिस मेश्राम नव्याने लिहिणार.

मिस मेश्राम आजच एस.टी.ने उमरेडला गेली. नियम विचारायला. टाइमकीपरला, मुकादमाला, भैय्याजींना. म्हटलं, मला विचारलं असतं तर. मग आठवलं, विचारलं होतं.

सुभद्राने विचारलं, तोंड काहून उतरलं? म्हटलं, उकाडा आहे. तिने पिठलं-भात केला. गॅसवर.

२७ जुलै, शनिवार

तिचा पहिला कागद छापला. तिने स्वतः, ओळ ओळ, शालिकरामला समोर बसवून मोठ्याने वाचून ताडला. मी बाजूच्या खुर्चीत बसून एखादी चूक निघण्याची वाट पाहिली. एक निघाली. शालिकरामच्या वाचण्यात.

२९ जुलै, सोमवार

उमरेडहून फोन आला नाही. मंगळवारी येईल.

३० जुलै

आला नाही. फोन खराब असावा म्हणून मीच लावला. टाइमकीपर म्हणाला, “काही नाही जी, सगळं बराबर हाय. काहून?” म्हटलं, सहज.

५ ऑगस्ट

मॅनेजरच्या जागेची ऑर्डर निघाली. क. मेश्राम. मला सल्लागार केलं आहे. विचारल्यास सल्ला द्यायचा. दिवसभर उपलब्ध होतो.

सायंकाळी मिस मेश्राम (मॅडम म्हणायचं की काय, ठरवलं नाही) माझ्या टेबलाशी येऊन बसली. म्हटलं, आली सल्ल्याला. तसं नव्हतं. म्हणाली, “सर, माझे बाबा उमरेडच्या खदानीत होते. लोडर. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

मला खरंच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

“मशीन यायच्या आधी टाइमकीपर आपला-परका पाहून पाळी द्यायचा. बाबाले कायम रातपाळी. आमच्या वस्तीतल्या सगळ्याइले. मी सहावीत होती तेव्हा तुमचा कागद फाटकावर लागला. त्या हप्त्यात बाबाचं नाव पहिल्या पाळीत. संध्याकाळी घरी आले, आमच्या पंगतीत बसून जेवले. बाबाले आमच्यासोबत रात्री जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मशीनले आडनाव वाचता येत नाही, असं म्हणायचे ते. मी कॉम्प्युटर शिकते म्हटलं तर त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, काहून म्हणून.”

 म्हटलं, आडनावाचा रकाना आहे प्रोग्राममध्ये, पण तो नुसता छापण्यापुरता. ती हसली. म्हणाली, “माहीत आहे सर. मी वाचलाय ना. लागोपाठ दोन हप्ते कोणालेच रातपाळी नाही, हा तुमचा नियम मी तसाच ठेवला.”

असा नियम होता? असावा. मीच लिहिला असणार.

पाणी प्यायला उठलो. पिऊन आलो, बसलो, परत उठलो. ऑफिसातलं पाणी आज थोडं खारट होतं. पाइपलाइन.

१२ ऑगस्ट, सोमवार

डिस्क भरत आली आहे. मिस मेश्राम म्हणाली, जागा करावी लागेल. नको असलेलं काय काय आहे त्याची नावं तिने वाचली. मधे एक नाव वाचलंच नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

म्हटलं, नवीच्या पोटातली जुनी काढायला हरकत नाही. पुढे कोणाला अभ्यासाला लागली असती, एवढंच.

ती म्हणाली, “तुम्हीच काढा सर. मी हात नाही लावत.”

टर्मिनलसमोर बसलो. शालिकराम मागे येऊन उभा राहिला, हात मागे बांधून. नाव टाइप केलं. मशीनने विचारलं, नक्की काढायचं? हो किंवा नाही.

मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै. हो दाबलं.

मला वाटलं होतं, निदान थोडा वेळ तरी लागेल. बोट कळीवरून उचललं नव्हतं आणि मशीन पुढच्या हुकमाची वाट पाहत होती.

“गेली का जी?” शालिकरामने विचारलं.

गेली म्हटलं.

मिस मेश्राम म्हणाली, “सर, आता काय करता?”

म्हटलं, डबा खातो. डबा उघडल्यावर लक्षात आलं की अजून अकराही वाजले नव्हते. झाकण लावून बसलो.